अदिती आजीकडे आहे

हर्नडन, व्हर्जिनिया
१४ मार्च २००७

प्रिय काका,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन लावलं की ते शिट्टी मारतं, म्हणून आपला कागदच बरा. इथे बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालाय. केदारचं ऑफिस नेहमीसारखं. मी नागपूरची एलएलबी, पण माझ्या व्हिसावर काम करता येत नाही, म्हणून लायब्ररीत जाते आणि पोळ्या लाटते.

एक विचारायचं आहे. मूल वारलं तर आईबापांनी सरकारला किती दिवसांत कळवायचं असतं? आणि कळवलंच नाही तर? तीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केलेला माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

घाबरू नका, आमच्या घरातलं काही नाही. आमच्या खालच्या मजल्यावर कांचन आणि गिरीश राहतात. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती घरी. त्यांची अदिती चार वर्षांची, इथेच जन्मलेली. रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन कणकेचे साप करायची. ऑक्टोबरमध्ये कांचन तिला घेऊन माहेरी दिवाळीला गेली. जानेवारीच्या शेवटी परत आली ती एकटीच. म्हणाली, "अदिती आजीकडे आहे."

यात नवल काहीच नाही. इथे कितीतरी जण मुलं वर्षभर आजी-आजोबांकडे ठेवतात. पण मग कांचनने आजीला फोन केलेला मी एकदाही ऐकला नाही. इथल्या भिंती पातळ आहेत, काका, शनिवारी सकाळी सगळी बिल्डिंग भारतात फोन लावून ओरडत असते. मी गिरीशला विचारलं, तिकडे शाळेत घातलं का? तो म्हणाला, हो, इंग्लिश मीडियमला. कांचनला विचारलं तर म्हणाली, छे, घरीच असते आजीबरोबर. दोन दिवसांत दोन उत्तरं.

केदार म्हणतो, "आपण कशाला पडायचं यात, यार." त्याचं बरोबर असेलही. पण माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमची,
ज्ञानदा


अमरावती
२ एप्रिल २००७

ज्ञानदा बेटा,

पत्र मिळालं. प्रश्न नीट विचारलास, म्हणून उत्तरही नीट देतो.

आपल्याकडे मृत्यू एकवीस दिवसांच्या आत कळवायचा. दवाखान्यात झाला तर दवाखान्याने, घरी झाला तर घराच्या प्रमुखाने. एकवीसच्या पुढे, तीस दिवसांपर्यंत उशिराचा शेरा मारून होतं. तीसच्या पुढे, वर्षाच्या आत असेल तर प्रतिज्ञापत्र आणि वरच्या अधिकाऱ्याची परवानगी. वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम. तुमच्या अमेरिकेतलं मला माहीत नाही. मूल मेलं नाही, नुसतं दिसत नाही, तर आईबापांनी अमुक तासांत सांगावं असा नियम माझ्या पुस्तकात तरी नव्हता. ते पोलिसांचं खातं.

लोकांना वाटायचं, ही मुदत म्हणजे सरकारी छळ. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटे. मी एका छोट्या नगरपालिकेत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. एक माणूस आला. म्हणाला, पाच महिन्यांपूर्वी माझी तान्ही मुलगी गेली. रडत होता. मला दया आली. चौकशीला न पाठवता, तारखेत सवलत देऊन मी नोंद करून टाकली. एकोणीस वर्षांनी एक मुलगी माझ्या टेबलासमोर उभी राहिली. लग्नासाठी जन्माचा दाखला हवा होता. मी रजिस्टर काढलं, तर माझ्याच अक्षरात तिचा मृत्यू. बापाने तिला कोणाला तरी देऊन टाकलं होतं आणि 'मुलगी कुठे' हा प्रश्न मिटवायला माझ्याकडे आला होता. ती पोर मला म्हणाली, "साहेब, तुम्ही बघायला कोणाला पाठवलं होतं का?"

त्या दिवशी मला मुदतीचा अर्थ कळला. लवकर सांगा म्हणतात ते अशासाठी, की कोणीतरी जाऊन बघू शकेल.

त्या मुलीचं आजोळ कोणतं गाव? कळव. मी रिकामा आहे, आणि एसटीत मला निम्मं भाडं लागतं.

आशीर्वाद.
पुरुषोत्तम


हर्नडन
२३ एप्रिल २००७

प्रिय काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं, आणि त्याचा माझ्यावर जो परिणाम झाला तो तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही.

आधी लायब्ररीचं सांगते. इथली संदर्भ विभागातली बाई फार चिकाटीची. आम्ही दोघींनी दोन दुपारी राज्याच्या कायद्याची पुस्तकं काढली. शिक्षिकेला संशय आला तर तिने कळवायचं, हे सापडलं. डॉक्टरने कळवायचं, सापडलं. प्रेत लपवलं तर गुन्हा, तेही सापडलं. पार्किंगमध्ये कोणाच्या गाडीला धक्का दिला तर काय करायचं, त्याची पाऊण पानाची सूचना सापडली. घरातलं मूल दिसेनासं झालं तर आईबापांनी इतक्या वेळात सांगितलंच पाहिजे, असं वाक्य आम्हाला मिळालं नाही. कुठे असेल तर आमच्या नजरेतून सुटलं. मी तिला विचारलं, असं कसं? ती चष्मा काढून म्हणाली, "हे लिहावं लागेल असं कोणाला वाटलंच नसेल."

मग मी फोन केला, काका. लायब्ररीच्या बाहेरच्या फोनवरून, पोलिसांच्या साध्या चौकशीच्या नंबरला. नाव दिलं नाही. म्हटलं, एक चार वर्षांची मुलगी सहा महिने दिसली नाही, कोणीतरी जाऊन बघा. तुमचंच वाक्य मी इंग्रजीत म्हटलं.

शनिवारी दुपारी एक पोलीस आला. मी खिडकीतून बघत होते. तो दहा मिनिटं आत होता. बाहेर आला, वहीत काही लिहिलं आणि गेला. सोमवारी कपडे धुवायच्या खोलीत कांचन भेटली. म्हणाली, "आमच्यावर कोणीतरी कम्प्लेंट केली. तो विचारत होता मुलगी कुठे आहे. मी म्हटलं आजीकडे आहे, इंडियात. त्याने आजीचं नाव लिहून घेतलं. कोण असेल गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

तिने मान हलवली आणि कपड्यांच्या घड्या करायला लागली. त्यात अदितीचा एक फ्रॉक होता, पिवळा. धुतलेला. सहा महिने इथे नसलेल्या मुलीचा फ्रॉक धुवायला कसा येतो? मला रात्रभर भलतंसलतं सुचत राहिलं. गिरीशबद्दल, तिच्याबद्दल. लिहायचीसुद्धा लाज वाटते.

गाव वरूडजवळ आहे, संत्र्याची बाग आहे. खेड्याचं नाव आणि खुणा वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. आजीचं नाव सुमित्राबाई. कांचनचे वडील नाहीत. अदिती तिथे असेल तर मला इतकंच लिहा की आहे, आणि मी कांचनची माफी मागेन.

ज्ञानदा


अमरावती
१२ मे २००७

ज्ञानदा,

तू फोन केलास ते चुकलं असं मी म्हणणार नाही. नंतर "माहीत नाही" म्हणालीस, ते मात्र चुकलं.

मी गुरुवारी गेलो. हे सावकाश वाच.

वरूडहून ऑटो केली. ऊन फार होतं. सुमित्राबाईंचं घर बागेतच आहे, पत्र्याचं, पुढे लिंबाचं झाड. बाई साठी-पासष्टीच्या, काटक. मी सांगितलं, माझी पुतणी तुमच्या कांचनच्या वरच्या मजल्यावर राहते. त्यांनी पाणी दिलं, खाट टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, "कांचन जेवते का?" मी म्हटलं, जेवत असेल. त्या म्हणाल्या, "असेल म्हणू नका भाऊ, विचारून सांगा."

घरात लहान मुलाची चाहूल नव्हती. ते आपल्याला पाच मिनिटांत कळतं. मी विचारलं, नात कुठे आहे?

त्या उठल्या आणि पुढे चालायला लागल्या. मी मागे. बागेच्या टोकाला, शेवटच्या दोन झाडांच्या मध्ये एक लहान उंचवटा आहे. वर सपाट दगड ठेवलेत, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण, कुत्री येऊ नयेत म्हणून. एवढ्या लहान लेकराला आपल्यात जाळत नाहीत, तुला माहीत आहे.

दिवाळीनंतर ताप आला. खेड्यातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, उतरला, परत चढला. सहाव्या दिवशी सकाळी जीप करून वरूडला निघाले. पोर आईच्या मांडीवर होती. वाटेतच गेली. वरूडच्या डॉक्टरने जीपमध्येच डोकावून बघितलं आणि सांगितलं, परत न्या. तेरा नोव्हेंबर. दवाखान्यात दाखल झालीच नाही, म्हणून दवाखान्याचा कागद नाही. घरचा मृत्यू, आणि घरच्यांनी कळवला नाही. ग्रामसेवक दोनदा येऊन गेला. कांचनने आईला शपथ घातली होती, "आई, लिहू देऊ नको. लिहिलं की झालं."

मी बाईंना म्हटलं, तुम्ही घराच्या प्रमुख, तुम्ही सही केली तरी चालतं. त्या म्हणाल्या, "मुलीनं सांगितल्याबिगर मी अंगठा देणार नाही."

मी आयुष्यभर लोकांना उशीर का केला म्हणून रागावलो. या बाईंवर मला रागावता आलं नाही. पण मी जाऊन बघितलं, हे बरं झालं. आता निदान तुला-मला ठाऊक आहे की कोणी कोणाला मारलेलं नाही.

पुढचं तुझ्या हाती. जपून.

पुरुषोत्तम


हर्नडन
४ जून २००७

प्रिय काका,

तुमचं पत्र दुपारी मिळालं आणि मी जिन्यातच बसून वाचलं. मग वर न जाता खाली गेले.

कांचनने दार उघडलं. मी आत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "पोलिसांना फोन मी केला होता." दुसरं काही बोलायच्या आधी तेच बोलायचं ठरवलं होतं. मला वाटलं आता ती मला घालवून देईल. मग मी म्हटलं, माझे काका तुझ्या आईकडे जाऊन आले. तुझ्या आईने विचारलंय, तू जेवतेस का.

ती स्वयंपाकघरात गेली. चहाचं पाणी ठेवलं, आलं किसलं, सगळं नेहमीसारखं. माझ्याकडे पाठ होती. तशातच तिने विचारलं, "काका मागे गेले होते? कुंपण नीट आहे का? काटे काढले नाहीत ना कोणी?"

मी म्हटलं, नीट आहे. बोरीचे काटे आहेत, दगड आहेत.

"चार दगड होते."

तुम्ही दगड किती ते लिहिलं नव्हतंत, म्हणून मी म्हटलं, विचारून सांगते. त्यावर ती खाली फरशीवर बसली आणि रडली. मी पण.

मग तिने सांगितलं ते असं. खोटं बोलायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. विमानतळावर घ्यायला आलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, अदिती कुठे? आणि तोंडातून निघालं, आजीकडे आहे. "ते खोटं नव्हतं ना गं?" असं तिने मला विचारलं. एकदा म्हटल्यावर रोज म्हणावं लागलं. महिन्यातून एकदा ती अदितीचे सगळे कपडे धुते. तिचा वास जायला नको म्हणून आधी धुवत नव्हती. वास गेल्यावर धुवायला लागली.

गिरीश सहा वाजता आला. मला बघून त्याला कळलं असावं. तो बूट न काढता तसाच उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये तो गेला नव्हता, काका. नोकरी नुकतीच बदललेली, व्हिसाचे कागद अर्धवट, एकदा देशाबाहेर गेला असता तर परत येता आलं असतं की नाही याची खात्री नव्हती. फोनवर त्याला सांगितलं तेव्हा तिकडे सगळं उरकलंही होतं. तो मला म्हणाला, "मी काहीच बघितलं नाही, ज्ञानदा. मी तिला एअरपोर्टवर सोडलं, ती टाटा करत आत गेली. मला इंग्लिश मीडियमच सुचलं."

शाळेची दोन उत्तरं का होती, ते हे. आणि मी त्याच्याबद्दल काय काय विचार केला होता.

आता पुढे काय करायचं असतं? त्यांनी विचारलेलं नाही. मी विचारते आहे. आणि दगड किती आहेत?

ज्ञानदा


अमरावती
२५ जून २००७

ज्ञानदा बेटा,

दगड चार. परवा मुद्दाम जाऊन मोजले. पाऊस जवळ आला म्हणून सुमित्राबाईंनी मातीची भर घातली आहे. कांचन जेवते असं सांगितलं. तुझं पत्र तसं म्हणत नाही, पण चहा केला त्या अर्थी.

आता कागदाचं. तेरा नोव्हेंबरला वर्ष होईल. त्याआधी केलं तर आईचं प्रतिज्ञापत्र आणि तालुक्याच्या अधिकाऱ्याची परवानगी एवढ्यावर भागेल. नंतर कोर्ट, साक्षी, आणि सुमित्राबाईंना जीपच्या त्या दिवसाबद्दल अनोळखी माणसांसमोर बोलावं लागेल. मला ते टाळायचं आहे. मजकूर इंग्रजीत सोबत जोडला आहे. तिकडच्या नोटरीसमोर सही करायची आणि वॉशिंग्टनला आपल्या वकिलातीचा शिक्का घ्यायचा. मुलीचा पासपोर्ट अमेरिकेचा होता, तर त्यांनाही कळवावं लागेल. ते तू बघ, तू वकील आहेस.

तिला घाई करू नकोस. तारीख मात्र सांग. तारीख न सांगणं म्हणजे तिला फसवणं होईल.

पुरुषोत्तम


हर्नडन
१७ सप्टेंबर २००७

प्रिय काका,

तीन महिने लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही झालं नाही. मी तारीख सांगितली. कांचनने कागद घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवला. जुलै गेला, ऑगस्ट गेला. मी रोज संध्याकाळी खाली जात होते, पण विषय काढला नाही.

शुक्रवारी सकाळी तिने दार वाजवलं. साडी नेसलेली. म्हणाली, "चल. बँकेत नोटरी असते ना?"

गिरीशने सुट्टी घेतली होती. नोटरी म्हणजे एक वयस्कर गोरी बाई, टेबलावर नातवंडांचे फोटो. कांचनने लायसन्स दाखवलं, कागद पुढे केला. बाईने चाळला, आणि चाळता चाळता तिचा हात थांबला. नियमाप्रमाणे कांचनला उजवा हात वर करायला सांगितलं आणि विचारलं, यात लिहिलेलं सगळं खरं आहे असं तुम्ही शपथेवर सांगता का?

कांचन हात वर करून उभी राहिली. मागे दोन माणसं रांगेत होती. बाईने परत विचारलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. गिरीशने हळूच आपलाही हात वर केला. त्याचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

"हो," कांचन म्हणाली, मराठीत. मग म्हणाली, "येस. इट इज ट्रू."

वकिलातीचा शिक्का आज झाला. पाकीट रजिस्टरने पाठवत आहे.

जाता येता गाडीत मी एकच विचार करत होते. समजा, आम्ही लायब्ररीत शोधत होतो तो कायदा असता, चोवीस तासांत सांगा नाहीतर तुरुंग, तर कांचन गुन्हेगार ठरली असती. आणि तुमच्या टेबलासमोर आली ती मुलगी म्हणेल, तसा कायदा हवाच होता. दोघींचं मला पटतं. कायद्याच्या परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर नापास झाले असते. तुम्ही काय म्हणता? लवकर सांगायला लावावं, पण उशिरा आलेल्याला आधी खाट टाकून पाणी द्यावं, असं कलम कसं लिहायचं?

ज्ञानदा


हर्नडन
५ नोव्हेंबर २००७

आदरणीय काका,

मी कांचन. आपण भेटलो नाही, पण माझी आई तुम्हाला भाऊ म्हणते, म्हणून हक्काने लिहिते. ज्ञानदा म्हणाली, तूच लिही.

दाखला पोचला. गिरीशने पाकीट उघडलं नाही, मी येईपर्यंत टेबलावर ठेवून बसला होता. आम्ही दोघांनी मिळून वाचला. मग तो आमच्या मराठी मंडळातल्या दोघातिघांकडे स्वतः जाऊन सांगून आला. मी अदितीच्या प्रीस्कूलमध्ये गेले. त्यांनी तिची जागा धरून ठेवली होती. मी सांगितलं की ती येणार नाही, आणि का ते सांगितलं. तिच्या बाईंनी तिची चित्रं काढून दिली. सतरा आहेत.

डिसेंबरमध्ये आम्ही दोघं येतो आहोत. गिरीशचे कागद झाले आहेत, पण नसते झाले तरी तो येणार होता. तुम्ही वरूडला आमच्याबरोबर याल का? रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. त्याने अजून पाहिलेला नाही, आणि मला एकटीला दाखवायचं धैर्य नाही.

एक विचारायचं आहे. दाखल्यावर वयाच्या रकान्यात "४ वर्षे" लिहिलं आहे. चूक नाही, मला माहीत आहे, तुमच्याकडे पूर्ण वर्षंच मोजत असतील. पण ती चार वर्षं, दोन महिने आणि अकरा दिवसांची होती. ते दोन महिने आणि अकरा दिवस कुठे लिहिता येतात का?

तुमची,
कांचन